मेंढ्याचं माप

गेल्या आठवड्यात माझ्या पुतणीनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. आमच्या गावाच्या फाट्यावर लावलेला मोठा फ्लेक्स. वर भगव्या अक्षरांत 'गंगव्वा आईसाहेब पुण्यस्मरण', खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची मुंडकी, आणि मधोमध गंगव्वा. कपाळभर मळवट, केस मोकळे, डोक्यामागं उजेडाचं चक्र. चक्र कॉम्प्युटरवर काढलेलं. नाक तेवढं तिचं आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. पण ती देवी नव्हती, बाई होती, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून उभा जन्म राहिली, हे कुणीतरी लिहायला पाहिजे. फ्लेक्स लावणारे काही लिहिणार नाहीत. त्यांचं तिच्या जिवावर चाललंय.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं, जतच्या अंगाला. माळ, कुसळं, ज्वारी, आणि उन्हाळ्यात टँकर. गंगव्वा जतच्याही पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी निम्मं यायचं. पुढं चांगलं आलं, पण शिव्या शेवटपर्यंत कानडीतच दिल्या. म्हणायची, "आक्का, कळलं न्हाई म्हंजे लागत न्हाई. माझं मन मोकळं हुतंय, त्येचं कान बी ऱ्हात्यात."

नवरा मायाप्पा. मेंढरं होती. पाऊस संपला की दोघं मेंढरं हाकत कोरेगावकडं जायची, तिकडच्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायला. खतासाठी लोक बोलावून न्यायचे. चालता चालता तिच्या हातात लोकर कातायची चाती फिरत असायची. मोकळा हात तिला सोसायचा नाही. माझ्याकडं बसायला आली तरी शेंगा फोडायची, आणि शेंगा नसल्या तर माझ्या पोरांच्या डोक्यातल्या उवा.

माणसाच्या चालीवर तिचा फार डोळा. मेंढरं राखून लागलेली खोड. कुणी अंगणातनं येताना दिसलं की ते उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत ही सांगायची, "हिच्या गुडघ्यात पाणी झालंय," नाहीतर, "ह्येला घरात मार बसलाय, पर दाखवंना." शंभरदा बरोबर येत होतं असं नाही. चुकलं तर म्हणायची, "मग बूट घट्ट असंल."

पाया पडू द्यायची नाही. सूनसुद्धा लग्नात वाकली तर पाय मागं घेतले. "पाय चालाया दिल्यात. डोकी घासाया न्हाईत."

आणि देवऋषी तर तिला बघवायचे नाहीत. एकदा गावात एक आला होता. एका नव्या नवरीला 'लागलंय' म्हणून तिचे केस धरून वेताच्या छडीनं मारत होता. गाव गोल करून बघत होतं. गंगव्वा मेंढरं घेऊन तिथनं चालली होती. ती गर्दीत शिरली, त्याच्या हातातली छडी ओढून घेतली आणि त्याच्याच पिंढरीवर एक ओढली. तो बोंबलला.

"का रं," ही म्हणाली, "तुझ्यातलं बी भूत वरडालंय का दुखालंय?"

माणसं हसली. देवऋषी गेला. नवरीला ताप होता, ती दवाखान्यात नेल्यावर उठली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. पुढं ज्या पाटावर तिला बसवलं त्याच्याबद्दल तिचं मत काय होतं, ते कळावं म्हणून.

आणखी एक सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. मेंढरांना जंताचं औषध तीच पाजायची. मेंढ्याला वेगळं माप, मेंढीला वेगळं, गाभणीला आणखी वेगळं, कोकराला तर बोटानं चाटवायचं. एका वर्षी ती माहेरी गेली आणि मायाप्पानं सगळ्या कळपाला एकाच वाटीनं पाजलं. मेंढा उड्या मारत होता. मेंढ्या आडव्या. दोन गाभण्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. गंगव्वा आली, मेलेल्या मेंढीच्या पोटावर हात ठेवून बसली आणि पुष्कळ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मायाप्पा मला म्हणायचा, "वैनी, औषध तर त्येच हुतं की. मेंढ्याला चाललं." त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण त्याला जे चालतं ते जगाला चालतं, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. बऱ्याच बापयांच्या असतं.

ओढ्याकाठी आमच्याकडं एक मठ आहे. दिवसभराची कामं झाली की बापये तिथं जमतात. भजन म्हणतात आणि चिलीम ओढतात. तंबाखूची नव्हे, गांजाची. तिकडं त्याला गांजा म्हणत नाहीत, बुट्टी म्हणतात. देवाचं नाव लावलं की पाप लागत नाही. मायाप्पा तरणा होता तेव्हापासनं जायचा. घरी आला की शांत. चार भाकरी जादा खायचा, आमटी वरपायचा, सुनेच्या साध्या बोलण्यावर खुदूखुदू हसायचा आणि झोपायचा. सकाळी उठून कामाला. गाव म्हणायचं, मायाप्पा साधुवृत्तीचा. त्याच्या मेंढरांमागं उन्हात कोण चाललंय, हे गाव म्हणायचं नाही.

पुढं गंगव्वा पडली. दगडाळ उतारावर एक कोकरू अडकलं होतं, त्याला खांद्यावर घेऊन उतरताना पाय सरकला. कोकरू वाचलं. हिचा खुबा गेला. महिनाभर अंथरुणावर, मग काठी. हाड जुळलं पण कळ गेली नाही. कमरेतनं निघायची ती टाचेपर्यंत. दवाखान्यातल्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, रक्त पडलं, म्हणून त्या बंद केल्या. ती भिंतीपलीकडं कण्हायची ते मला ऐकू यायचं. कण्हायची म्हणजे कानडीत शिव्या द्यायची.

मायाप्पाला तिचं बघवेना. हे मी त्याच्या बाजूचं सांगते. त्यानं मठातनं पाला आणला, तव्यावर भाजला, तुपात परतला, गुळात मळला आणि गोळी केली. मठात बापये अशी गोळी घेतात, मोठ्या बोराएवढी. तेवढीच हिला दिली.

"खा गंगे. मी खातो की. मला काय झालंय?"

तिनं खाल्ली. दिवस मावळायला आला होता. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून त्यानं अर्धी आणखी दिली. ही वस्तू धुरातनं घेतली की लगेच कळते, पोटातनं गेली की दबा धरून बसते, हे मठातल्या कुणीही सांगितलं असतं. पण बाईला द्यायची म्हणून विचारायला तो लाजला.

मी ओरडणं ऐकून गेले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे लाल, छाती धाडधाड उडताना पदरावरनं दिसत होती. अंग थरथरत होतं. घर आपल्यावर पडतंय असं तिला वाटत होतं. मध्येच कानडीत शिव्या, मध्येच रडणं. तोंडाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटत होती. ती कोपऱ्याकडं बोट करून सारखं म्हणत होती, "पानी... पानी... तितं हाय पानी..."

कोपऱ्यात रांजण होता.

बापय असता तर कुणीही म्हणालं असतं, ह्याला चढलीय, तांब्या द्या. मठात असं रोज कुणाला ना कुणाला होतं आणि बाकीचे हसतात. पण दारात गोळा झालेल्यांनी बाईचे मोकळे केस बघितले, थरथरणं बघितलं, न कळणारी भाषा ऐकली. एक म्हातारी म्हणाली, "आंगात आलंया." झालं. बाया हात जोडून बसल्या. मी रांजणातनं पाणी घेऊन तिच्या तोंडाला लावलं तर मला म्हणाल्या, "शिवू नगासा वं!"

"गप बसा," मी म्हणाले. "तिला तहान लागलीय."

माझं कुणी ऐकलं नाही. त्या गर्दीत परसू पाटील होता. रांजणामागं भिंत, आणि भिंतीमागं त्याचं रान. त्या रानात त्यानं बोअर मारमारून कोरडा धुरळा काढला होता. त्यानं ते बोट बघितलं. दुसऱ्या आठवड्यात बोट दाखवलेल्या सरळ रेषेत त्यानं मशीन लावलं, आणि पाणी लागलं.

आमच्याकडं पाणी लागणं म्हणजे काय, हे उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. परसू पाटील नाचत आला. गंगव्वाच्या पायांवर पालथा पडला. तिनं पाय मागं घेतले तर त्यानं धरून ठेवले.

"सोड रं मुडद्या, खुबा दुखतोय!"

"शिव्या दे आई, शिव्या दे!" परसू म्हणाला.

इथनं पुढं तिचा माणसासारखा दिवस गेला नाही.

मायाप्पाला खरं ठाऊक होतं. गोळी त्यानंच मळली होती. पण त्याचा मुलगा बिरू हुशार निघाला. त्यानं अमावस्या ठरवली. अंगणात पत्र्याचा मांडव घातला. पाट मांडला. अमावस्येला आईला सकाळी गोळी द्यायची, अंगात भिनली की पाटावर बसवायचं, आणि लोकांनी विचारायचं. तिच्या तोंडातनं जे बाहेर पडेल त्याचा अर्थ बिरू लावायचा.

गंगव्वा आधी भांडली. पण गोळीनं कळ थांबायची, हेही खरं. भीतीचा तो तास गेला की कमर हलकी व्हायची आणि ती दोन दिवस झोपायची. काठी टाकून मोरीपर्यंत जायची. मला म्हणाली, "आक्का, त्यास्नी देवी पायजे, मला झोप पायजे. चालू द्या." हे तिनं केलं. मी ते लपवत नाही.

पण ते तसं चाललं नाही. काही महिन्यांतच तेवढ्या गोळीनं कळ थांबेना. अमावस्येची गोळी आठवड्याची झाली, मग रोजची, मग सकाळ-संध्याकाळची. मायाप्पा तरणेपणापासनं तेवढीच ओढत होता. त्याचं माप कधी वाढलं नाही. हिचं वर्षात तिप्पट. त्याला भूक लागायची, हिला अन्न नको व्हायचं. तो हसायचा, हिची छाती धडधडायची, आणि कुणीतरी मागं उभं आहे असं दिवसाढवळ्या वाटायचं. हातातली चाती गळून पडायची. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. एक दिवस मांडीवर कोकरू घेऊन बसली होती. मी गेले तर कोकरू मेलेलं. तिला माहीत नव्हतं. पाठीवरनं हात फिरवत होती.

मी म्हणाले, "गंगव्वा, हे गेलंय."

तिनं खाली बघितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला माझी कमर दुखालीय का न्हाई त्ये बी कळंना आता. हे कसं कळंल?"

बिरूनं त्याच महिन्यात मेंढरं विकली. "देवीनं लेंड्या झाडायच्या नसत्यात," म्हणाला. तिला विचारलं नाही. गाडीत चढवताना तिचा जुना मेंढा मागं वळून बें-बें करत होता, आणि ही पाटावर होती. समोर बाया ओटी भरत होत्या.

मध्ये मायाप्पाचं अंतर्गळाचं ऑपरेशन निघालं. सांगलीला एका दवाखान्यात. डॉक्टरांनी दम भरला, पंधरवडा चिलीम बंद. त्यानं बंद केली. दोन दिवस चिडचिड केली, मग भाकरी खाऊन बैलासारखा झोपला. ते बघून गंगव्वाच्या मनानं घेतलं. त्याला जमतं तर मला का नाही? तिनंही गोळी टाकली.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. अंगाला घाम, हातापायांत कंप, झोप नाही. कळ पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन आली. सुनेच्या अंगावर तिनं तांब्या फेकला. लगेच बिरू म्हणाला, "देवी कोपली. निवद चुकला." आणि निवद म्हणून तिच्या तोंडात गोळी घातली.

तेव्हा मी तिला सांगलीला घेऊन गेले. मायाप्पाच्या टाक्यांचं निमित्त होतं. त्याच दवाखान्यात एक डॉक्टरीण बसायची, तिच्याकडं हिला नेलं आणि सरळ सांगितलं, ही गांजा खाते. डॉक्टरीण चमकली नाही. कधीपासनं, किती, पाळी कधी गेली, सगळं विचारलं. मग म्हणाली, "आजी, बायकांना हे थोड्यातच जास्त चढतं, भीती, धडधड त्यांच्यात जास्त दिसते. सवय लवकर लागते, आणि सोडताना त्रासही जास्त होतो. पुष्कळ जणींचं असं दिसलंय. वयाप्रमाणं, पाळीप्रमाणं फरक पडतो. पण खरं सांगू का, नीट माहिती कमीच आहे. आजवर तपासलंय ते जास्ती करून पुरुषांना."

गंगव्वानं मायाप्पाकडं बघितलं. तो टाके सांभाळत बाकावर बसला होता.

"म्हंजे मेंढ्याच्या मापानं मेंढीला पाजलं, म्हणा की," ती म्हणाली.

डॉक्टरिणीला कळलं नाही. मायाप्पाला कळलं. त्यानं मान खाली घातली. एवढीच त्याची माफी. आयुष्यात तेवढीच मिळाली तिला.

डॉक्टरिणीनं एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं, असं सांगितलं आणि व्यसन सोडवायच्या एका केंद्राची चिठ्ठी दिली. आम्ही रिक्षा करून गेलो. तिथला माणूस चांगला होता. चहा दिला. मग म्हणाला, "पेशंट कुठाय?"

"ही काय," मी म्हणाले.

तो ओशाळला. "आजी, इथं खाटा फक्त पुरुषांसाठी आहेत. बायकांची सोय नाही. बायका येतात त्या नवऱ्याला घेऊन येतात."

गंगव्वा हसायला लागली. पोट धरून हसली. "बरं हाय की," म्हणाली, "बापयानं खाल्ली तर रोगी. बाईनं खाल्ली तर देवी. रोगी हुयाला बी नशीब लागतंय."

मग आम्हीच केलं. म्हणजे तिनं केलं. बिरूशी भांडून मी तिला माझ्या घरात आणली. मायाप्पा मध्ये पडला नाही. मुलाला न कळू देता रोज येऊन एक पुडी देऊन जायचा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी लहान गोळी. तेवढं त्यानं नेमानं केलं. मी गरम पाण्यानं तिची कमर शेकायची. दुसरी कसली तरी पोटाला सोसणारी गोळी डॉक्टरिणीनं दिली होती, तिनं कळ थोडी बोथट व्हायची. दिवसभर ती माझ्या ओसरीवर बसून लोकर कातायची. सूत तुटायचं. जोडायची. परत तुटायचं. शिव्या द्यायची. अंगाला वास मारायचा घामाचा. चिडली की माझ्यावर ओरडायची, मी तिच्यावर. गोड दिवस नव्हते. पण हळूहळू सूत तुटायचं कमी झालं. एक दिवस शेजारची पोरगी पाणी घेऊन चाललेली बघून म्हणाली, "हिला दिवस गेल्यात. घरात सांगितलं न्हाई अजून." आणि ते खरं निघालं. मी मनात म्हणाले, आली परत.

ती मला म्हणाली, "आक्का, पुढच्या अमावसंला मी पाटावर जाणार हाय. शुद्धीत. एकदाच. सगळ्यास्नी सांगते, माझ्यात कुणी न्हाई. मग मला मेंढरं न्हाईत तर न्हाईत, दोन शेळ्या तरी घिऊ द्या."

दोन शेळ्या आणि तिचं नाव. एवढंच मागणं होतं.

ती अमावस्या आली. तो माझा तिला बघायचा शेवटचा दिवस ठरला, कारण त्याच आठवड्यात मुलगा मला इकडं कोरेगावला घेऊन आला आणि पुढं माझंच गुडघ्याचं निघालं.

मांडव भरलेला होता. गाड्या लांबलांबनं आल्या होत्या. गंगव्वा केसांचा घट्ट बुचडा बांधून, आकडा खोवून, काठी टेकत आली आणि पाटावर बसली. गोळी नाही, काही नाही. बिरूला वाटलं आता घुमेल.

"आयका," ती म्हणाली. "माझ्यात देवी न्हाई. कवाच नव्हती. मी गंगव्वा हाय, मायाप्पाची बायकू. ह्यांनी मला गांजा चारला, त्येनं मी बडबडले. आता घरी जावा."

परसू पाटलानं हात जोडले. "परीक्षा बघतीया," तो म्हणाला. "बोला, आईसाहेबाच्या नावानं—"

चांगभलं झालं. जोरात झालं. ती ओरडत होती, "आवं घरी जावा की!" आणि लोक अंगारा घेत होते, प्रत्येक जण आपल्या प्रश्नाला ते उत्तर लावून उठत होता. ज्याचा मुलगा पुण्यात होता तो म्हणाला, पोराला घरी बोलवायला सांगितलं. ज्याचं घर अर्धं बांधलेलं होतं तो म्हणाला, घर पुरं होणार. गंगव्वा थकली.

तेवढ्यात तिचं लक्ष मांडवाच्या तोंडाशी गेलं. एक आई आणि तिची लेक बाहेर चालल्या होत्या. लेक विशीची असेल. एक हात बरगडीवर दाबून, एक खांदा पाडून चालली होती. गंगव्वानं सुनेला विचारलं, "ती कुनाची? तिला काय झालंय?"

सून म्हणाली, "नवरा मारतोय म्हणून माघारी आली हुती. सासरी धाडावी का ठिवून घ्यावी इचारत हुत्या. तुमी सांगितलंसा न्हवं, घरी जावा. लेकीचं घर म्हंजे सासर. आत्ताच्या यष्टीनं निघाल्यात."

गंगव्वा पाटावरनं उठली. काठी तिथंच राहिली. एक पाय ओढत ती फाट्याकडं निघाली. मी मागं. माणसं त्यामागं.

फाट्यावर त्या दोघी पिशवी घेऊन उभ्या होत्या. गंगव्वाला धाप लागली होती.

"ए बाय, थांब. पोरीला न्हिऊ नगंस तिकडं."

आई गोंधळली. "आई, तुमीच म्हनलासा, घरी जावा."

"मी सगळ्यास्नी म्हनलं गं. कटाळून म्हनलं. तिची बरगडी मोडलीया, तुला दिसंना? दवाखान्यात ने, मग तुझ्या घरात ठेव."

त्या बाईनं हिला वरपासनं खालपर्यंत बघितलं. बांधलेले केस, धूळ भरलेले पाय. वाईट बाई नव्हती ती. घाबरलेली होती, आणि घरी तिलाही कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

"आवं, मगाशी देवी बोलली," ती हळू म्हणाली. "आता तुमी बोलताय. तुमचं आयकून पोरगी ठिवली तर हिचा बा मला घरात घील व्हय?"

"मगाशी बी मीच हुते."

"तसं कसं म्हणता," ती बाई म्हणाली, आणि पिशवी उचलली. यष्टी वळणावर दिसत होती.

पोरगी नुसती गंगव्वाकडं बघत होती.

गंगव्वानं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे स्वच्छ होते. इतक्या दिवसांनी स्वच्छ. तिनं डोक्याला हात घातला, आकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"धरा आक्का," ती म्हणाली.

आणि बुचडा सोडून, केस तोंडावर घेऊन ती घुमायला लागली.

मी तिला तशी कधी बघितली नव्हती. गोळीतसुद्धा नाही. तिथं भररस्त्यात, उन्हात, पूर्ण शुद्धीत. कानडीत किंचाळली. तो खुबा घेऊन उड्या मारल्या. मग मराठीत, मोठ्यानं, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी माझी हाय! माघारी ने! हिला सासरी जो धाडील त्येच्या घरात पानी ऱ्हानार न्हाई! तिच्या बाला सांग, गंगव्वा आईनं सांगितलंया!"

ती बाई धुळीत आडवी झाली. पोरीला ओढून तिनं पाया पाडलं. यष्टी थांबली होती, कंडक्टर खाली उतरून हात जोडून उभा राहिला. परसू पाटील रडत होता. मायाप्पा लांब, चिंचेखाली उभा होता. तो पुढं आला नाही. बिरू मात्र हळदीचं ताट घेऊन धावत आला. आता कुणी शंका घेणार नव्हतं. मांडवात तिनं जे जे सांगितलं होतं, ते तिनं स्वतःच पुसून टाकलं होतं.

बिरूनं तिच्या कपाळावर मूठभर हळद फासली. तिनं शेवटचा एक झटका दिला आणि त्या झटक्यात कमरेत कळ उठली. इतक्या वर्षांत मला ती कळ ओळखू यायची. मान मागं गेली, ओठ फाकले, दात दिसले.

"हसली!" बिरू ओरडला. "आई हसली!"

सगळा फाटा टाळ्या वाजवायला लागला.